पेस्टचे टोमॅटो बियांपासून: रोमा, सॅन मार्झानो, आमिश पेस्ट, ओपाल्का, यातलं पाकीट कुठलं घ्यावं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांनी इथूनच बियांची ऑर्डर टाकायला जावं. एकच पाकीट घ्यायचं असेल तर ओपाल्का. जागा कमी असेल, कुंड्यांत लावायचे असतील किंवा सगळा माल एकदम हातात हवा असेल तर रोमा व्हीएफ. चवीसाठी आमिश पेस्ट. आणि सॅन मार्झानो, ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, ते माझ्याकडे चौथं. का ते खाली सविस्तर लिहिलंय, भांडायच्या आधी पूर्ण वाचा प्लीज.

मी हे टोमॅटो सॅलडसाठी लावत नाही, आटवून पेस्ट आणि सॉस करण्यासाठी लावते, त्यामुळे माझे मार्क त्या हिशोबानेच. साध्या टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं, म्हणजे किलोभर टोमॅटोत घन असं जे काही ते जेमतेम ५०-६० ग्रॅम. पेस्टच्या वाणांत भिंत जाड, आतले कप्पे दोन किंवा तीनच, बिया कमी आणि बियांभोवतीचा तो बुळबुळीत भाग पण कमी, त्यामुळे घन भाग एखाददीड टक्क्याने जास्त भरतो. एखाददीड टक्का म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण हिशोब करून बघा. अमेरिकेत टोमॅटो पेस्ट या नावाने माल विकायचा तर त्यात टोमॅटोचा विरघळलेला घन भाग निदान २४ टक्के लागतो. आता १० किलो टोमॅटो ५ टक्केवाले असतील तर त्यातून अशी पेस्ट निघणार २ किलोच्या किंचित वर, आणि तेच ६.५ टक्केवाले असतील तर २ किलो ७०० ग्रॅम, शिवाय गॅस कमी जळतो आणि ढवळून हात कमी दुखतो ते वेगळंच. म्हणून झाड किती देखणं झालं आणि फळाचा फोटो कसा आला याला इथे फार भाव नाही, शेवटी पातेल्यात किती उरलं आणि ते चवीला कसं लागलं एवढंच बघितलंय.

पाकीट हातात आलं की पुढचा चकचकीत फोटो सोडा, मागची बाजू वाचा. एफ वन लिहिलं असेल तर ते संकरित, पीक चांगलं येईल पण त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत एकेक झाड वेगळ्या तऱ्हेचं निघतं. ओपी किंवा ओपन पॉलिनेटेड लिहिलं असेल तर ते सरळ वाण, बी धरता येतं, हेअरलूम, म्हणजे पिढ्यान् पिढ्या बी धरून चालत आलेली जुनी वाणं, सगळी याच गटातली. मग डिटर्मिनेट आहे का इंडिटर्मिनेट ते बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच बारीक अक्षरात छापलेलं असतं. डिटर्मिनेट म्हणजे ठरावीक उंचीला शेंड्यावर फूल येऊन वाढ थांबते आणि फळं थोड्या आठवड्यांत सगळी पिकून मोकळी होतात. इंडिटर्मिनेट म्हणजे वेल वाढतच राहते, दोन मीटर सहज, आणि फळं थोडी थोडी महिनोन्महिने येतात. आणि दिवसांचा जो आकडा असतो ना, ७५ किंवा ८०, तो टोमॅटोच्या बाबतीत बी पेरल्यापासून नसतो, रोप जमिनीत लावल्यापासून असतो, त्यात रोपाचे सहा ते आठ आठवडे वर धरा. यावरून बिया बोगस निघाल्या म्हणून एक स्टार देणारे लोक मी बघितलेत.

तर रोमा. अमेरिकेच्या कृषी खात्याने बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात तयार करून १९५५ साली हे वाण बाहेर आणलं, त्याच्या आईबापांत सॅन मार्झानो आहेच, त्यामुळे तोंडवळा थोडा तसाच. कट्टर हेअरलूमवाले याला आपल्यात घेत नाहीत, नवं आहे म्हणतात, पण सरळ वाण आहे, बी धरलं की पुढच्या वेळी तेच येतं, मला तेवढं बास. आता जे मिळतं ते बहुतेक रोमा व्हीएफ, यातला व्ही म्हणजे व्हर्टिसिलियम आणि एफ म्हणजे फ्युजेरियम, दोन्ही मातीतून येणारे मर रोग, आणि ही दोन अक्षरं म्हणजे त्या दोघांना हे झाड दाद देत नाही. करप्याला मात्र देतं, भरपूर देतं, त्यामुळे खालची पानं मातीला टेकू देऊ नका. झाड कंबरेएवढं, एक दणकट काठी पुरते, बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, काढत बसायचं नाही, काढलीत तर फळंच कमी होतील कारण याच्या फांद्या मोजक्या असतात. आणि माल एकदम येतो हे पेस्टवाल्यांसाठी फार मोठं सुख आहे, एक दिवस सुट्टी काढायची, मोठं पातेलं चढवायचं आणि विषय संपवायचा. वांधा एकच, चव. सपक म्हणता येईल इतकी साधी, ताजा चिरून खाल्ला तर पिठूळ लागतो. आटवल्यावर सुधारतो पण ओहो असं काही होत नाही. ५ पैकी साडेतीन, ते पण शिस्तीचे.

सॅन मार्झानो. इटलीत नेपल्सजवळ व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या सॅन मार्झानो सुल सार्नो या गावाचं नाव, आणि तिथल्या सार्नो-नोचेरा भागातल्या डबाबंद सोललेल्या टोमॅटोला १९९६ पासून युरोपात डीओपी दर्जा आहे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं. पण तो दर्जा त्या जागेला, तिथल्या पद्धतीला आणि डब्यातल्या मालाला आहे, बियांच्या पाकिटाला नाही. पाकिटावर इटलीचा झेंडा छापला म्हणून तुमच्या वाफ्यातली माती ज्वालामुखीची होत नाही. त्यात या एका नावाखाली बाजारात बरंच काही फिरतं, सॅन मार्झानो २ वेगळं, रेडोर्टा वेगळं आणि त्याचं फळ बरंच मोठं, नानो बुटकं डिटर्मिनेट, शिवाय संकरित माल पण याच नावाने येतो. त्यामुळे दोघं जण सॅन मार्झानोबद्दल वाद घालत असतील तर दोघांनी वेगवेगळी झाडं लावलेली असण्याची शक्यता दाट आहे.

झाड उंच जातं, घोस सुंदर लटकतात, आत दोनच कप्पे, साल झटकन सुटते, हे सगळं खरं. त्रास आहे बुडाचा. हिरवं फळ बोटाएवढं झालं की टोकाला आधी पाणचट डाग दिसतो, मग तो चपटा, काळपट, चामड्यासारखा होतो आणि पहिले घोसच्या घोस त्यात जातात. हा रोग नाही, किडा नाही, बुरशी नंतर येते ती वेगळी. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून पेशी मरतात. लांबट फळांना हा त्रास जास्त आणि सॅन मार्झानो यात सगळ्यात पुढे. आता लगेच लोक अंड्याची टरफलं टाका म्हणून सांगायला येतात, पण टरफलं कुजून कॅल्शियम सुटायला खूप वेळ लागतो आणि बहुतेक मातीत कॅल्शियम असतंच, प्रॉब्लेम असतो पाण्याचा. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि पानं पाणी जास्त ओढतात म्हणून ते पानांत जातं, एकदा पानात गेलं की तिथून परत फळात येत नाही, त्यामुळे पानांवर फवारे मारून पण फारसं काही होत नाही. एक दिवस माती भेगाळेपर्यंत कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तळं, असं झालं की हे होणारच. मातीवर जाड आच्छादन घाला, पाणी बेताने पण रोजच्या रोज सारखं द्या, युरिया आणि तसलं जोरदार नत्र फळधारणेच्या वेळी बंद ठेवा, डाग पडलेली फळं तोडून टाका. मूळ पसरलं की पुढचे घोस बहुधा आपोआप नीट येतात. कुंडीत मात्र हे प्रकरण आवरत नाही, कुंडीत सॅन मार्झानो लावूच नका असं माझं स्पष्ट मत. हातात शेवटी जे आलं त्याची पेस्ट छान झाली, खोटं कशाला बोलू, पण किती गेलं ते पण मोजायला नको का? ५ पैकी ३.

आमिश पेस्ट हे अमेरिकेतल्या आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने साधं राहणाऱ्या ख्रिश्चन पंथाच्या लोकांकडून आलेलं जुनं वाण, स्लो फूड संस्थेच्या आर्क ऑफ टेस्ट या हरवत चाललेल्या खाण्याच्या गोष्टींच्या यादीत पण आहे. फळ बदामी, खाली निमुळतं, २०० ते ३०० ग्रॅमचं, कधी त्याच्याही वर. नाव पेस्ट असलं तरी बऱ्यापैकी रसाळ आहे, आटवायला रोमापेक्षा वेळ जास्त लागतो, आणि पहिल्यांदा लावणाऱ्याला फसवल्यासारखं वाटू शकतं. पण चव! आंबटगोड, भरीव, चिरतानाच वास येतो. घोस इतके जड होतात की सुतळीने नुसता शेंडा बांधून भागत नाही, घोसालाच आधार द्यावा लागतो नाहीतर फांदी काखेतून फाटते.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते कारण चारही वाणांचा सगळा झगडा यातच आहे. टोमॅटोची जी खमंग, जिभेवर रेंगाळणारी चव असते ना, ती देणारं ग्लुटामेट बाहेरच्या जाड गरापेक्षा बियांभोवतीच्या त्या बुळबुळीत भागात जास्त असतं. आणि पेस्टचं वाण निवडताना आपण नेमका तोच भाग कमी असलेलं फळ शोधतो. म्हणजे जितकं कोरडं फळ तितकी पेस्ट दाट आणि तितकीच चव जाण्याची भीती. रोमा एका टोकाला, आमिश पेस्ट दुसऱ्या टोकाला. म्हणूनच बिया आणि तो रस काढून फेकायच्या ज्या रेसिपी असतात त्या मला पटत नाहीत, वेळ वाचतो पण फेकता काय ते तरी बघा. गाळून फक्त बिया बाजूला काढा, रस पातेल्यात जाऊ द्या.

आणि या मधल्या जागेत बसतं ओपाल्का. पोलंडमधून १९०० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्स्टरडॅम गावी गेलेल्या कुटुंबाचं हे वाण, कुटुंबाचंच नाव त्याला. फळ १५ सेंटीमीटरपर्यंत लांब, टोकदार, लांबून बघणारा मिरची लावलीय का विचारतो. उभं चिरलं की आत जवळजवळ सलग लाल गर, मधोमध बियांची एक विरळ रेघ, आणि चिरून झाल्यावर पाटावर पाण्याचं डबकं नाही. एवढं कोरडं असून चव गोडसर आणि भरलेली, रोमाच्या जवळपास पण नाही, बरीच वर. पातेल्यात सगळ्यात लवकर दाट होतं आणि सगळ्यात कमी बिया गाळाव्या लागतात.

खोट नाही असं नाही. झाड दिसायला आजारी. पानं बारीक, विरळ, मान टाकलेली, आणि ती तशीच असतात, तो त्याचा स्वभाव आहे. नवीन माणूस बिचारा सुकलं समजून पाणी ओततो आणि मुळं कुजवतो. माती बोटभर खोल चाचपून बघा, ओली असेल तर झाड कितीही रडवं दिसलं तरी पाणी देऊ नका. पानं विरळ असल्यामुळे कडक उन्हात फळाचा खांदा भाजून पांढरा पडतो, तेवढ्यापुरती दुपारी हलकी शेडनेट लागते. बुडाचा त्रास यालाही होतो, सॅन मार्झानोपेक्षा माझ्याकडे कमी झाला. आणि वाढ दांडगी, ताटी आधीच भक्कम बांधा. ५ पैकी साडेचार, अर्धा त्या रडक्या पानांचा कापला.

एक तक्रार मात्र नोंदवतेच. ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटात ओपाल्का म्हणून जे आलं त्यातली काही झाडं चक्क गोल फळांची निघाली, विक्रेत्याचं नाव घेत नाही, उत्तर आलं की निसर्ग आहे मॅडम. निसर्ग वगैरे ठीक आहे, पण सरळ वाणात असं निघालं तर बी धरताना कुठेतरी भेसळ झालीय एवढाच त्याचा अर्थ. वाण कुणी वाढवलं, बी कधीचं, उगवण किती टक्के, हे पाकिटावर लिहिणाऱ्याकडूनच घ्या, नुसता फोटो असलेली पाकिटं मी बंद केलीत.

रोपं करायची पद्धत चौघांची सारखीच. ट्रेमध्ये कोकोपीट किंवा रोपांसाठीचं हलकं मिश्रण, बी अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास खोल, वर झाकण किंवा प्लास्टिक. उगवायला उजेड नको पण ऊब हवी, मिश्रण २१ ते २७ अंशांत असेल तर ५ ते १० दिवसांत कोंब दिसतो, गारठ्यात नुसतं पडून राहतं. कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढून भरपूर उजेडात, नाहीतर रोपं तारेसारखी लांबडी होतात. पाणी ट्रेच्या खालून द्या, वरून धो धो ओतलं आणि हवा खेळती नसली की रोपं मातीलगत पिचून एका रात्रीत आडवी होतात, यावर औषध शोधण्यापेक्षा मिश्रण ताजं वापरणं आणि बारीक पंखा लावणं सोपं. खरी पानं दोन आली की एकेक मोठ्या कपात. बाहेर नेताना आठवडाभर उन्हाची सवय लावत न्या. जमिनीत लावताना खालची पानं काढून रोप खोल गाडा, खोडावर जी बारीक लव असते त्या भागाला मातीत मुळं फुटतात, लांबडं झालेलं रोप तर आडवं चरात झोपवून फक्त शेंडा वर ठेवला तरी चालतं. दोन झाडांत ४५ ते ६० सेंटीमीटर, उंच वाणांना ६० च धरा.

लावायची वेळ उष्णतेवरून ठरवा. रात्र १३ ते २१ अंशांच्या आसपास असेल तर फळ छान धरतं, दिवसा ३५ च्या वर आणि रात्री पण उकाडा असेल तर फुलं गळतात, आणि याला कुठलंही टॉनिक चालत नाही. लाल रंगाचं पण तसंच, ३० च्या वर लायकोपिन, म्हणजे लाल रंग देणारं द्रव्य, नीट तयार होत नाही, पिवळा रंग मात्र होत राहतो, म्हणून कडक उन्हाळ्यात फळं नारिंगीवर अडकतात. अशा वेळी टोकाला गुलाबी झाक आली की तोडा आणि घरात सावलीत २०-२५ अंशांत पिकवा, लाल होतात, पक्षी आणि पोखरणाऱ्या अळ्यांपासून पण वाचतात.

आता पातेलं. चिरून ठेवलेले टोमॅटो तासभर तसेच पडले तर त्यातली एन्झाइम्स पेक्टिन, म्हणजे दाटपणा देणारा घटक, तोडतात, मग सॉस कितीही आटवा, खाली चोथा आणि वर पाणी असा फुटतो. उपाय सोपा आहे, आधी थोडेच चिरून पातेल्यात खळखळून उकळा आणि बाकीचे चिरता चिरता त्या उकळत्यातच टाकत जा, एन्झाइम्स गरम होऊन लगेच निकामी होतात आणि दाटपणा टिकतो. याने रोमाचा सॉस पण बराच सुधारतो. सॉस झाला की चाळणीतून काढून रुंद तोंडाच्या भांड्यात आटवा, उंच भांड्यात तासन् तास लागतात. माल थोडा थोडा येणारी वाणं असतील तर पिकेल तसे अख्खेच फ्रीजरमध्ये टाका, वितळल्यावर साल हातानेच सुटते आणि बरंच पाणी आपोआप खाली जमतं, ते वेगळं आटवून परत घाला.

बरण्यांत भरून उकळत्या पाण्यात सील करणार असाल तर आंबटपणा अंदाजावर सोडू नका. बोट्युलिझमची, म्हणजे बंद बरणीत वाढणाऱ्या जिवाणूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराची, भीती टाळायला पीएच ४.६ च्या खाली लागतो आणि टोमॅटो नेमका त्या रेषेवर रेंगाळतो, पेस्टची वाणं तर कधी कधी वरही जातात. साधारण १ लिटरच्या बरणीला २ मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड घालतात, ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो म्हणून बाटलीतलाच.

माझा सध्याचा मेळ असा, पातेल्यात दोन भाग ओपाल्का आणि एक भाग आमिश पेस्ट. रोमा फक्त कुंड्यांत.

बी धरायचं तर सगळ्यात निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, बिया रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वास घाण येतो, वाटी बाहेर ठेवा. वर पांढरा थर आला की पाणी ओतून ढवळा, भरीव बिया तळाला बसतात, हलक्या तरंगतात त्या ओतून द्या, आणि बशीवर वाळवा, कागदावर टाकल्या तर चिकटून बसतात. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच स्वतःला फळवतं, तरी दोन वाणं शेजारी असतील तर बीसाठीच्या घोसावर फूल उमलायच्या आधी पातळ कापडाची पिशवी बांधा आणि फळ धरलं की काढा. कोरड्या, थंड जागी बी चार-पाच वर्षं सहज चालतं, त्यामुळे एका वाणाचं एकच पाकीट घ्या, ऑफर आहे म्हणून तीन-तीन घेऊ नका.